पाण्यावरच्या चुकांची शिवारफेरी
(हौशी नाववाल्यांच्या फजित्यांच्या संकलनाची प्रस्तावना)

निफाड तालुका म्हटलं की द्राक्षं, कांदा, ऊस आणि डिसेंबर-जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी. होडीशी या तालुक्याचं नातं काय, असं विचारलं तर बहुतेकांना पुराची बातमी आठवते. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा-चांदोरीत गोदावरी घरात शिरते आणि तिच्या मागोमाग रबरी बोट घेऊन बचावपथक येतं. ऑगस्ट २०१६ मध्ये हे झालं, ऑगस्ट २०१९ मध्येही झालं. आपल्याकडे बोट ही संकटात दुसऱ्या कुणीतरी आणायची वस्तू. तिचे मालक आपण असू, तिच्यात बसून केवळ हौस म्हणून पाण्यावर जाऊ, ही कल्पनाच इथे नवी.

पण आता ती रुजली आहे. मळ्यात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे आणि पोरांनी ऑनलाइन हवेची कयाक मागवली आहे. कृषी पर्यटनाची पाटी लावणाऱ्याने चार माणसांची फायबरची होडी आणून ठेवली आहे. नाशिकचे दोघे-तिघे मित्र वर्गणी काढून मोटरबोट घेतात आणि रविवारी एखादं धरण गाठतात. मुंबई-पुण्याकडचे त्यांचे भाऊबंद मांडव्याच्या बाजूला शिडाची बोट ठेवतात. पैसा आहे, हौस आहे, यूट्यूब आहे. नाही ती पाण्याची सवय. कोळ्याच्या पोराला जे बापाबरोबर जाळं ओढता ओढता कळतं, ते आपण चाळिशीत, पाहुण्यांसमोर आणि पदरच्या पैशाने शिकायला निघालो आहोत. फजिती होणारच. त्या फजित्या पुढच्या पानांत एकत्र केल्या आहेत.

होडी कशी चालवावी हे शिकवणारी पुस्तकं आहेत आणि ती वाचावीतच. पण बरोबर काय, एवढंच ती सांगतात. चूक नेमकी कोणत्या क्षणी होते, त्या वेळी माणसाचं लक्ष कुठे असतं, हे त्यांत सापडत नाही. ते फक्त चूक केलेला माणूसच सांगू शकतो, आणि तो सहसा सांगत नाही. या संकलनाची गरज तिथून निर्माण झाली.

सुरुवात घरच्या पाण्यापासून करू. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ, नांदूर मधमेश्वरला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी बंधारा बांधला. त्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडचा मुलूख भिजवला. पुढच्या शंभरेक वर्षांत नद्यांनी इतका गाळ आणून ओतला की पाणीसाठा आटत गेला आणि दलदल वाढत गेली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटा. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र चंगळ. उथळ पाणी, गाळातले किडे, मध्ये मध्ये बेटं, काठाला पाणवनस्पती. रोहित, चक्रवाक, शेकाट्या, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या यांनी जागा पसंत केली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत दाखल होणारी महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा ठरली.

नवख्या नाववाल्याची पहिली चूक या गाळातच रुतलेली असते. पाणी रुंद दिसलं की तो ते खोल समजतो. काठावरून मैलभर पसरलेलं पाणी मध्यावर गुडघाभरही नसतं, आणि होडी रुतली म्हणून ढकलायला जो खाली उतरतो तो मांडीपर्यंत गाळात जातो. मग ट्रॅक्टर येतो, ट्रॅक्टरचं चाक बसतं, ते काढायला दुसरा ट्रॅक्टर येतो, आणि तोवर गाव जमलेलं असतं. याची उलटी बाजू मोठ्या धरणांत दिसते. तिथे पाण्याखाली बुडित गावांच्या विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, जुन्या भिंती असतात. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. पाणी चढलेलं असतं तेव्हाही ते तिथेच असतं. समुद्रात हीच गोष्ट खडकांची. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईजवळ शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. डोळ्याला दिसतो तो फक्त पृष्ठभाग. खाली काय आहे ते तिथे रोज जाळं टाकणाऱ्याला विचारावं लागतं, आणि विचारायला कमीपणा वाटतो.

नांदूरच्या पाण्याबाबत आणखी एक चूक होते. तिला फजिती म्हणणंही जड जातं. ‘नदी आमची, गाव आमचं’ म्हणून कुणी अभयारण्यात कयाक घालतो. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे पाण्यात उतरताच येत नाही, हे त्याला नंतर कळतं. आधी कळतं ते एवढंच की आपण पुढे सरकलो आणि हजारभर पक्षी एकदम उठले. दूरच्या देशांतून आलेल्या, विसावून पोट भरायला टेकलेल्या पाखरांना प्रत्येक उड्डाणाची किंमत अंगातल्या चरबीतून मोजावी लागते. चापडगावच्या काठावर दुर्बिणी लावून बसलेली शाळेची सहल ते सगळं बघत असते. नांदूरला पक्षी काठावरून बघावेत. हौसेची होडी दुसऱ्या पाण्यात न्यावी, तीही जलसंपदा विभागाला विचारून. इंजिनाची होडी असेल तर नोंदणीचे नियमही पाहावेत, कारण २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला आहे.

आता बुचाकडे वळू. संकलनात सर्वांत जास्त वेळा येणारी वस्तू तीच.

फायबरच्या किंवा पत्र्याच्या होडीच्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी ट्रेलरवर असताना आत साचलेलं पावसाचं पाणी वाहून जावं यासाठी ते ठेवतात आणि पाण्यात उतरवण्याआधी त्याला बूच लावतात. कृती दहा सेकंदांची. पण ती नेमकी कधी करायची असते ते पाहा. ट्रेलर उतारावर मागे घेणं चालू आहे. मेहुणा ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडतो आहे, त्याची डावी आणि ड्रायव्हरची डावी वेगळी आहे. बायकोने नारळ आणला आहे, हळदीकुंकू आणलं आहे. पोरं आधीच जॅकेट घालून नाचत आहेत. कुणीतरी व्हिडिओ काढतो आहे. नारळ फुटतो, होडी पाण्यात जाते, टाळ्या होतात. बूच जीपच्या डॅशबोर्डवर आहे.

पुढचा हिशेब साधा आहे. एक इंच व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली वीतभर असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत येतं. अर्ध्या तासात हजार लिटर, म्हणजे एक टन. चार माणसांच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही जागेवर न बसणारं. होडी जरा कलली की आतलं सगळं पाणी त्याच अंगाला धावतं आणि तिला आणखी कलवतं. याहून मोठी खोच पुढे आहे. इंजिन लावून होडी वेगाने निघाली की तेच पाणी त्याच भोकातून मागे ओढलं जातं आणि आतला तळ कोरडा दिसतो. चूक झाल्याचं धक्क्यावर कळत नाही. ते कळतं जलाशयाच्या मधोमध, इंजिन बंद करून डबा उघडल्यावर, पहिला पोह्यांचा घास तोंडात असताना. उपाय एकाने सांगितला आणि आता अनेक जण करतात: बूच आणि इंजिनाची किल्ली एकाच दोरीत ओवायची. किल्ली हवी तर बूच हातात येणारच.

वाऱ्याचं प्रकरण याहून गंभीर. हवेची कयाक हलकी असते, पाण्यावर तरंगते आणि वाऱ्यावर जवळजवळ उडते. सकाळी नवशिका निघतो तेव्हा मंद झुळूक पाठीशी असते. चार वल्ह्यांत काठ लांब जातो आणि आपल्याला जमलं असं वाटतं. दुपारी वळायची वेळ येते तेव्हा तीच झुळूक वारा झालेली असते, आणि आता ती तोंडावर असते. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट होतो, हे गणित तिथे दंडातून समजतं. वल्हवून वल्हवून माणूस जागच्या जागी. शेवटी तो पलीकडच्या काठाला लागतो, अनोळखी माणसाच्या कांद्याच्या शेतातून अनवाणी डांबरी रस्ता गाठतो आणि घरी फोन करतो की जीप घेऊन या. कयाक शिकवणारे सांगतात की निघताना वाऱ्याच्या तोंडाला जा, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणून सोडेल. पुस्तकात ही एक ओळ असते. शेतातून अनवाणी चाललेला माणूस ती कधी विसरत नाही.

एप्रिल-मेची संध्याकाळ मात्र चुकून शिकायची ही सवलत देत नाही. वळवाचं वारं उठायला काही मिनिटं पुरतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी अशाच वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. ती हौसेची होडी नव्हती, रोजची ये-जा होती, आणि तिला फजित्यांच्या यादीत कुणी बसवू नये. तिचा उल्लेख एवढ्यासाठीच की वारा हौशी आणि गरजू असा भेद करत नाही. आभाळात काळं दिसलं की निघायचं नाही, हा नियम घाबरटपणाचा नाही.

शेततळ्याचा विषय आमच्या भागाचा खास, म्हणून त्यावर अधिक लिहितो. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्याआधीही बागायतदार स्वतःच्या खर्चाने तळी खोदत होतेच, कारण उन्हाळ्यात द्राक्षबाग जगवायची तर साठवण हवी. तीस बाय तीस मीटरचं तळं, तीन मीटर खोली, उतरत्या बाजू आणि त्यावर पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक. धरणापेक्षा हे पाणी सुरक्षित, असं मालकाला मनापासून वाटतं. घराच्या ओट्यावरून दिसतं, लाटा नाहीत, प्रवाह नाही. म्हणून पाहुण्यांच्या मुलांना इथेच होडीत बसवतात.

या पाण्यातून वर येता येत नाही. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, उतार तिरका असतो आणि धरायला काहीही नसतं. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो, हात टेकतो आणि सरकत पुन्हा पाण्यात जातो. दोन-चार वेळा असं झालं की ताकद संपते. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही अडकतो. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्यांत अनेकदा एकाच घरातली दोन नावं का असतात, त्याचं हे कारण. ज्या बागायतदाराचा पाहुणा होडीतून उतरताना घसरला आणि पाइपला धरून वाचला, त्याने दुसऱ्या दिवशी चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर सोडला, टायरची शिडी केली, एका खुंटीला हवा भरलेली ट्यूब टांगली. खर्च एका फवारणीपेक्षा कमी आला. तळं खोदलं त्याच आठवड्यात हे का केलं नाही, असं त्याला विचारलं तर तो म्हणतो, तेव्हा तळ्यात पाणी साठवायचं होतं, माणसं नव्हती उतरवायची. प्रामाणिक उत्तर आहे. होडी आली की तळ्याचा उपयोग बदलतो आणि हे मालकाच्या ध्यानात येत नाही.

दोराच्या चुका ठिकाणाप्रमाणे बदलतात. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. भरतीला आखूड दोराने धक्क्याला बांधलेली होडी ओहोटीला धक्क्यावरून लोंबकळते, आणि संध्याकाळी मालक आला की कोळणी तोंडाला पदर लावून हसतात. आपल्याकडे भरती नाही, पण आवर्तन आहे. कालव्याला पाणी सोडलं की जलाशयाची पातळी उतरते आणि गेल्या रविवारी पाण्यात बांधलेली होडी या रविवारी शंभर पावलं चिखलाच्या आत सापडते. पावसाळ्यात उलटं: वरच्या धरणातून विसर्ग वाढतो, पाणी चढतं, आखूड दोर होडीचं नाक खाली दाबून धरतो आणि ती भरते. वर्तमानपत्रातले क्यूसेकचे आकडे आपण पिकासाठी वाचतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. होडीवाल्याने ते होडीसाठीही वाचावेत. नांगराचाही दोर असाच दगा देतो. नांगर झोकात फेकला जातो, दोर सळसळत त्याच्या मागे जातो, आणि दुसरं टोक होडीला बांधलेलंच नव्हतं हे ते टोक पाण्यात शिरताना दिसतं. जे बांधतात ते पुरेसा दोर सोडत नाहीत. खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडला तर नांगर तळाला आडवा पडून धरतो. सरळ खाली सोडला तर नुसता खरवडत जातो.

इंजिनाच्या चुका लवकर उरकतो, कारण संकलनात त्यांचा स्वतंत्र भाग आहे. गोदावरीत पाणवेली माजल्या की त्या पंख्याला गुंडाळतात आणि थंडाव्यासाठी पाणी ओढणारी जाळी बंद करतात. इंजिनाच्या अंगातून बाहेर पडणारी बारीक धार थांबली की लगेच बंद करायचं, हे ज्याला माहीत नसतं तो इंजिन जाळून बसतो. पंखा दगडावर आपटला की गिअर वाचावा म्हणून एक मऊ पिन मुद्दाम तुटते. तिची जोडी खिशात नसेल तर पुढचा प्रवास वल्ह्यांनी, आणि वल्ही घरी असतात. बहुतेक दोन-स्ट्रोक इंजिनांना पन्नास लिटरला एक लिटर ऑइल लागतं. ‘तू घातलंस ना?’ ‘मला वाटलं तू घातलंस’ हा संवाद शब्दशः तीन ठिकाणी आला आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला की इंजिन सुरू होतं आणि थोड्या अंतरावर गुदमरतं. आणि दिवाळीत भरलेलं पेट्रोल मेमध्ये चालत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. उसाच्या तालुक्यातल्या माणसाला इथेनॉल काय हे सांगावं लागू नये, पण कार्ब्युरेटर उघडल्यावर सगळेच चकित होतात.

लाईफ जॅकेटबद्दल एकच निरीक्षण. फजित्यांत ते जवळजवळ प्रत्येक वेळी होडीत असतं आणि अंगात नसतं. बाकाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, नवं कोरं. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही, हे एकदा उथळ पाण्यात करून पाहावं, पटतं. शिवाय सगळी जॅकेटं एकसारखी नसतात. ज्यांवर ५० न्यूटन लिहिलेलं असतं ती पोहता येणाऱ्याला मदत म्हणून असतात; बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवण्याची अपेक्षा १०० न्यूटन आणि त्यापुढच्यांकडून करावी. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. त्या हवेत भिजलेल्या माणसाची बोटं थोड्याच वेळात बक्कल लावण्याच्या कामाची राहत नाहीत.

इतक्या चुका एका जागी वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. यांतली एकही अवघड नाही. बूच, दोर, वारा, ऑइल, जॅकेट. दहावीच्या मुलाला कळेल असं सगळं. मग त्याच त्या चुका दर हंगामात नव्या माणसाकडून का होतात? कारण आधीच्या माणसाने सांगितलेलं नसतं. पाण्यावरची चूक चारचौघांत होते, कपडे ओले करून होते, आणि ज्याने होडी घेतली त्याने ती थोडी मिरवायलाही घेतलेली असते. घरी आल्यावर तो म्हणतो, ‘इंजिनातच खोट होती.’ विकणाऱ्याला दोष देतो, वाऱ्याला देतो, मेहुण्याला तर देतोच. ऐकणारा त्यातून एवढंच शिकतो की दुसऱ्या कंपनीचं इंजिन घ्यावं.

लाज लपवण्याची परिसीमा १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दिसली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ती पहिली शर्यत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती पूर्ण केली. त्यांची ‘सुहेली’ सागवानाची आणि मुंबईत बांधलेली. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्लंडचा हौशी नाववाला होता. खुल्या समुद्राचा अनुभव तुटपुंजा, बोट अर्धवट तयार, आणि निघाल्यावर ती गळू लागली. परत फिरणं म्हणजे कर्ज आणि नाचक्की. तो परतला नाही, पुढेही गेला नाही. अटलांटिकमध्येच घोटाळत रेडिओवर खोटी ठिकाणं कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला त्याची बोट सापडली. तिच्यात कुणी नव्हतं.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या शर्यतीची पुन्हा आखणी झाली तेव्हा भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांनी उपग्रह-संदेशातून आपली अवस्था आहे तशी, मोजक्या शब्दांत कळवली: काय मोडलं, काय हलवता येत नाही. २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढच्या खेपेला ते पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. एकाने खोटं ठिकाण कळवलं, दुसऱ्याने खरी अवस्था.

त्यांच्याही आधी, ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. बोट बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यात दिवाडी बेटावर. दोघांचाही हा पहिलाच असा उद्योग होता. दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’ हे पुस्तक वाचताना पराक्रमाइतकंच लक्षात राहतं ते न येणाऱ्या गोष्टी विचारून घेण्याचं मोकळेपण. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांचं. अवर्षणाच्या गावातला हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. एकट्याची शर्यतीची होडी इतकी अरुंद असते की पाण्यात पडल्यावाचून ती कुणालाच येत नाही. तिथे पडणं अभ्यासक्रमातच धरलेलं असतं, म्हणून त्याची लाज उरत नाही.

विमानवाहतुकीने हेच संस्थेच्या पातळीवर केलं. १९७६ पासून अमेरिकेत नासा एक योजना चालवते. तीत वैमानिक आपली चूक गोपनीयपणे कळवतो आणि ती नाव न देता सगळ्यांना वाचायला मिळते. ब्रिटनने १९८२ मध्ये तशीच सोय केली आणि पुढे ती जहाजांवरही नेली. या संकलनातली नावं गाळली आहेत ती याच कारणाने. ‘कोण’ हे काढून टाकलं की ‘कसं’ हे मोकळेपणाने सांगता येतं.

पण इतक्या दूर कशाला जायचं? निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला ही रीत अंगवळणी आहे. तो शिवारफेरी काढतो. पंचवीस-तीस जण एकाच्या बागेत शिरतात, घड उचलून पाहतात आणि मालकाच्या तोंडावर सांगतात: छाटणी उशिरा झाली, घड बुडवायचं (डिपिंगचं) द्रावण जास्त झालं, डाऊनी रोगाची फवारणी एक दिवस चुकली. मालक रागावत नाही. उलट कोणत्या दिवशी काय मारलं ते वही काढून दाखवतो. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा तालुक्याचं कंबरडं मोडलं होतं. त्यातून बाहेर पडलो ते कुणी काय, कधी आणि किती वापरलं हे उघड बोललो म्हणून. जो माणूस लाखोंच्या बागेतली चूक चारचौघांत सांगतो, त्याला होडीचं बूच विसरल्याचं सांगायला लाज वाटावी, हे नवलच. बागेतली चूक हा धंद्याचा भाग आणि होडीतली चूक हा मानाचा प्रश्न, असं आपण धरून चाललो आहोत. ते सोडलं पाहिजे.

हे पुस्तक हसत वाचावं. ज्यांनी सांगितलं त्यांनी हसण्यासाठीच सांगितलं आहे. फक्त ज्या प्रसंगात जीव गेला तो इथे विनोदात घेतलेला नाही. फजिती आणि दुर्घटना यांत अनेकदा एका जॅकेटचं किंवा एका दोराचं अंतर असतं, त्यामुळे हसून झाल्यावर प्रत्येक प्रसंग पुन्हा एकदा वाचावा आणि पाणी आणखी थोडं खोल असतं, वारा आणखी जरा जास्त असता तर काय झालं असतं, हे ताडून पाहावं. भाग क्रमाने वाचायची गरज नाही. शेततळं असलेल्याने तो भाग आधी वाचावा आणि वाचून झाल्यावर दोर विकत आणावा.

शेवटची पानं कोरी ठेवली आहेत. चूक झाली की त्याच संध्याकाळी, कपडे वाळायच्या आत, ती तिथे लिहावी: तारीख, जागा, वारा कुठून होता, पाणी किती होतं, होडीत किती माणसं होती, काय विसरलं, केव्हा लक्षात आलं, आणि त्या वेळी आपण नेमकं काय करत होतो. इंजिन, वारा आणि मेहुणा यांना दोष द्यायचा मोह झाला तर तेही लिहावं, मग खोडावं. आणि पुढच्या रविवारी जो नवा गडी होडी घेऊन येईल, त्याच्या हातात नारळ दिसला तर आधी बुचाचं विचारावं.

निफाड